स्पॅनिश वाचायची सुरुवात बाराखडीने करा

अमेरिकेत इंग्रजी-स्पॅनिश शाळेत मूल घातलं की मराठी आईबाबांना धडकी भरते: घरात स्पॅनिश कुणालाच येत नाही, वाचायला कोण बसवणार? पण बाराखडी येणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं. स्पॅनिश अंकलिप्याही एकेक व्यंजन पाच स्वरांना जोडतात: मा, मे, मी, मो, मू.

इंग्रजीतला ए 'कॅट'मध्ये एक बोलतो, 'केक'मध्ये दुसरं. स्पॅनिशमध्ये पाच स्वर आणि त्यांचे ठरलेले पाच आवाज: आ, ए, ई, ओ, ऊ. पहिले काही दिवस एवढंच घ्या, आणि अक्षराचं नाव न सांगता आवाजच म्हणा. इंग्रजी वाचणारं मूल हमखास अडखळतं ते ई आणि आय या अक्षरांवर. एम-ई ला ते 'मी' म्हणतं (हवं 'मे') आणि एम-आय ला 'माय' (हवं 'मी'). या दोन जोड्यांची दोनच कार्डं करा आणि ती पिसून रोज दोन मिनिटं विचारा. इथे घाई केली की पुढचं सगळं डळमळतं.

मग एम, पी, एस, एल, टी. एवढ्यावर मेसा (टेबल), सोपा (सूप), पातो (बदक), मापा (नकाशा) वाचून होतात. टी म्हणजे आपला त, ट नव्हे.

लांब शब्द टाळ्या वाजवत तोडा: मा-री-पो-सा, म्हणजे फुलपाखरू. दोन स्वरांमधलं एकटं व्यंजन पुढच्या स्वराकडे जातं. दोन व्यंजनं असली तर बहुधा फुटतात, काम-पो; पण ब्र, प्ल अशा जोड्या एकत्र राहतात, ली-ब्रो. टाळ्यांचा खरा फायदा वेगळाच आहे. इंग्रजीची सवय असलेलं मूल आघात (बोलताना दिलेला जोर) नसलेले स्वर गिळतं. 'चॉकलेट'च्या जागी चो-को-ला-ते अशा चार टाळ्या पडल्या की गिळायला वाव उरत नाही. (तो च चहातला, चमच्यातला नाही.)

अडेलतट्टू अक्षरं यानंतरच. एच मुका, म्हणून hola (नमस्कार) चा उच्चार 'ओला'. जे हे अक्षर म्हणजे घशातून खरवडलेला ह. व्ही आणि बी दोन्ही ब. सी पुढे ई किंवा आय आला तर लॅटिन अमेरिकेत स, आणि जी चा तोच खरखरीत ह. तिथे क किंवा ग हवा असेल तर क्यू-यू, जी-यू लिहितात आणि यू बोलत नाही: केसो (चीज), गीतार्रा. यू वर दोन टिंबं दिसली की तो बोलतो: पिंग्वीनो.

आघाताचा नियम सोपा आहे: शेवटी स्वर, एन किंवा एस असेल तर शेवटून दुसऱ्या तुकड्यावर, नाहीतर शेवटच्या. नियम मोडला की स्वरावर तिरकी रेघ येते. रेघ नसलेला पापा बटाटा, शेवटच्या आ वर रेघ असलेला बाबा!

एक फसवणूक मात्र ओळखून असा. नियम इतके सरळ आहेत की मूल अर्थ न कळताच पान घडाघडा वाचतं. म्हणून वाचण्याआधी पानावरचे पाच-सहा शब्द वस्तू दाखवून बोलून घ्या, आणि वाचून झालं की हुकूम सोडा: 'मेसा'वर हात ठेव. ओळींवर देवनागरी लिहून देऊ नका. देवनागरी येणारं मूल तेवढीच वाचतं. श्रुतलेखनात बी-व्ही आणि मुका एच चुकणारच, ते कानाला कळत नाहीत. त्यांचे गुण कापू नका.