लग्नाचे छायाचित्रण: व्यवसाय वाढतो तो लग्नानंतरच्या दिवसांत

लग्नाचे छायाचित्रण व्यवसाय म्हणून करणारे दोघे भेटले की बोलणे हटकून बुकिंगवर येते. बुकिंग कसे वाढवावे, चौकशी करणारे कुटुंब पक्के कसे करावे, हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. मात्र या कामात बरीच वर्षे काढल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे, की बुकिंग मिळवणे हा या व्यवसायाचा तुलनेने सोपा भाग आहे. हाती घेतलेले प्रत्येक लग्न वेळेवर, पूर्ण आणि सारख्याच दर्जाने कुटुंबाच्या हाती देणे हा अवघड भाग आहे. वर्षाला किती लग्ने घेता येतील हे पाहण्यासाठी आपण रिकाम्या तारखा मोजतो. मोजायला हवेत ते लग्न उरकल्यानंतर संगणकासमोर बसण्यासाठी उरणारे तास.

हा हिशेब एकदा कागदावर मांडून पाहावा. समजा, एका लग्नात १० तास काम झाले आणि ३५०० छायाचित्रे निघाली. निवड करताना प्रत्येकावर सरासरी ४ सेकंद जरी गेले, तरी जवळजवळ ४ तास होतात. त्यांतून ६०० छायाचित्रे ठेवली आणि रंग, उजेड व चौकट नीट करण्यासाठी प्रत्येकाला दीड मिनिट दिले, तर आणखी १५ तास लागतात. त्याशिवाय सुरुवातीच्या भेटी, प्रवास, फाइलींच्या प्रती करणे, अल्बमची मांडणी आणि कुटुंबाने सुचवलेले बदल हे सगळे धरले, की १० तासांच्या लग्नामागे सुमारे ४० तास सहज उभे राहतात. आता ऐन हंगामात चार आठवड्यांत आठ लग्ने घेतली, तर ३२० तासांचे काम अंगावर येते. आठवड्याला ४८ तास राबणाऱ्या माणसाकडे त्या चार आठवड्यांत १९२ तासच असतात. उरलेले १२८ तास पुढच्या महिन्यावर ढकलले जातात, त्या महिन्याचे काम त्यापुढच्यावर, आणि अशा रीतीने ‘महिन्याभरात देतो’ असे मनापासून दिलेले आश्वासन सहा महिन्यांवर जाते. या व्यवसायात कुटुंबे दुखावली जातात ती बहुधा छायाचित्रांच्या दर्जामुळे नव्हे, तर या वाट पाहण्यामुळे आणि त्या काळात फोनला उत्तर न मिळाल्यामुळे.

दर ठरवतानाही हेच ४० तास समोर असायला हवेत. ‘एका दिवसाचे इतके’ असा दर लावणारा छायाचित्रकार प्रत्यक्षात पाच दिवसांचे काम एका दिवसाच्या मोबदल्यात विकत असतो. वर्षाचा ठरलेला खर्च, म्हणजे विमा, सॉफ्टवेअरचे शुल्क, साठवणुकीची साधने, उपकरणांची झीज आणि कर, आपल्याला झेपतील तेवढ्याच लग्नांवर वाटावा. त्यात प्रत्येक लग्नाचा स्वतंत्र खर्च आणि आपल्या तासांचे मोल मिळवावे. झिजेचा आकडा नवख्यांना क्षुल्लक वाटतो, तो तसा नसतो. व्यावसायिक वापराच्या अनेक कॅमेऱ्यांचे यांत्रिक शटर, म्हणजे प्रत्येक छायाचित्राला उघडून मिटणारा पडदा, २ ते ४ लाख उघडझापींपर्यंत तपासलेले असल्याचे उत्पादक सांगतात. वर्षाला ५० लग्ने आणि प्रत्येकी ३५०० छायाचित्रे धरली, तर एका वर्षात पावणेदोन लाख होतात. इलेक्ट्रॉनिक शटरने, म्हणजे हा पडदा न हलवता छायाचित्र टिपल्याने, ही झीज वाचते हे खरे. पण बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये काही एलईडी दिव्यांखाली त्यामुळे छायाचित्रावर आडवे पट्टे उमटतात आणि लग्नाचे सभागृह बहुतेक वेळा अशाच दिव्यांनी भरलेले असते. तेव्हा ठरावीक काळाने कॅमेरा बदलणे हा नेहमीचा खर्च समजून तो दरात धरलेलाच बरा.

ज्या कामाला दुसरी संधी नाही, त्याची सगळी व्यवस्था या एका गोष्टीभोवती बांधावी लागते. दोन कॅमेरे बरोबर असणे आणि प्रत्येक छायाचित्र एकाच वेळी दोन मेमरी कार्डांवर लिहिले जाणे, या दोन गोष्टींत मी तडजोड करत नाही. आजच्या कॅमेऱ्यातून निघणारी रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली मूळ फाइल, २५ ते ६० मेगाबाइटची असते; सरासरी ३० धरली, तरी ३५०० छायाचित्रांचे १०० गिगाबाइटपेक्षा जास्त होतात, आणि दुसरा छायाचित्रकार असेल तर त्याच्या दुप्पट. या साठ्यासाठी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम आजही पुरेसा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी. रात्री कितीही उशीर झाला, तरी झोपण्यापूर्वी पहिल्या दोन प्रती झालेल्या असाव्यात, आणि तिसरी दुसऱ्या जागी पोहोचून उघडून पाहिली जाईपर्यंत मेमरी कार्ड फॉरमॅट करू नये. एखाद्या कार्डावरच्या फाइली दिसेनाशा झाल्याच, तर त्यावर पुढे एकही छायाचित्र न काढता ते बाजूला ठेवावे. जुन्या फाइलींच्या जागी नवे काही लिहिले गेलेले नसेल, तोवर त्या परत मिळण्याची शक्यता चांगली असते.

दुसरा छायाचित्रकार बरोबर घेतला, की छायाचित्रांबरोबर निवडीचे कामही वाढते, याचा विचार आधी व्हावा. सकाळी काम सुरू करण्यापूर्वी सर्व कॅमेऱ्यांची घड्याळे सेकंदापर्यंत जुळवून घेणे ही अगदी लहान गोष्ट आहे. ती केली नाही, तर दोघांची छायाचित्रे एका क्रमात लावताना आशीर्वाद आधी आणि विवाहविधी नंतर असा घोळ होतो आणि तो निस्तरण्यात अर्धा दिवस जातो. कोणी कोठे उभे राहायचे, हेही आदल्या दिवशीच ठरावे. एकाने जोडप्याकडे पाहावे आणि दुसऱ्याने आईवडिलांकडे, आजीआजोबांकडे, मागच्या रांगेत डोळे पुसणाऱ्या माणसाकडे. दोघांनी एकाच जागेवरून एकच प्रसंग टिपला, तर कुटुंबाने दुसऱ्या माणसाचे पैसे देऊन फारसे काही मिळवले नाही. माझ्या मते दुसऱ्या छायाचित्रकाराची खरी पारख तो काढत असलेल्या सुंदर छायाचित्रांवरून होत नाही. मुख्य छायाचित्रकार जिथे पोहोचू शकत नाही, तिथे तो न सांगता पोहोचतो की नाही, यावरून होते.

व्यवसाय वाढवायचा ठरल्यावर पहिला माणूस कोणता घ्यावा, हा प्रश्न मला बरेचजण विचारतात. बहुतेकांना वाटते, की आणखी एक कॅमेरा चालवणारा घ्यावा. वरचा हिशेब पाहिला तर उत्तर वेगळे येते. ताण लग्नाच्या दिवशी नसून त्यानंतरच्या ३० तासांत आहे, म्हणून पहिली मदत एडिटिंगला घ्यावी. अर्थात, ते काम दुसऱ्याकडे देण्यापूर्वी आपली शैली आपल्याला शब्दांत सांगता यायला हवी: त्वचेचा रंग किती उबदार असावा, सावल्या किती मोकळ्या कराव्यात, कृष्णधवल केव्हा करावे, कोणती छायाचित्रे कधीही ठेवू नयेत. आपणच पूर्ण केलेली दोन-तीन लग्ने नमुना म्हणून द्यावीत आणि सुरुवातीच्या कामांवर एकेक छायाचित्र घेऊन सविस्तर बोलावे. हे शिकवणे वेळखाऊ असते आणि त्या काळात काम उलट मंदावल्यासारखे वाटते, तरी ते टाळू नये. निवड मात्र मी अजूनही स्वतः करतो. फोटो मेकॅनिकसारखी सॉफ्टवेअर रॉ फाइलीत आधीच असलेले लहान चित्र दाखवतात, त्यामुळे हजारो छायाचित्रे झरझर पाहता येतात. मिटलेले डोळे आणि हललेली चित्रे वेगळी काढणारी साधनेही आता मिळतात. परंतु किंचित हललेल्या चित्रातले एखादे हसू कुटुंबासाठी अमूल्य आहे, हे त्या दिवशी तिथे हजर असलेल्या माणसालाच कळते.

कराराबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण ओळखीच्या कुटुंबाकडे करार मागायला अनेकांना संकोच वाटतो. करार दोन्ही बाजूंच्या मनातल्या अपेक्षा जुळवून घेण्यासाठी असतो. किती तास काम, साधारण किती छायाचित्रे, कोणत्या तारखेपर्यंत, अल्बममध्ये किती वेळा बदल, रॉ फाइली मिळतील की नाही, छायाचित्रकार आजारी पडला तर पर्यायी व्यवस्था कोणती, फाइली किती काळ सांभाळल्या जातील, हे सारे त्यात स्वच्छ लिहिलेले असावे. २०२० च्या महामारीत जगभर लग्ने पुढे ढकलली गेली, तेव्हा ‘रद्द’ आणि ‘पुढे ढकलले’ या दोन परिस्थितींसाठी करारात वेगवेगळी कलमे का हवीत, हे या व्यवसायातल्या सर्वांना कळून चुकले. छायाचित्रांच्या हक्काचा मुद्दा तर गृहीत धरूच नये, कारण कायदा देशागणिक बदलतो. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम १७ नुसार, मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, ते काम सांगणारा असतो. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये तो सामान्यतः छायाचित्रकार असतो. मात्र खासगी व घरगुती कारणासाठी काढून घेतलेली छायाचित्रे आपल्या संमतीवाचून प्रसिद्ध होऊ न देण्याचा हक्क ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यातील कलम ८५ ती काढून घेणाऱ्याला देते. कायदा काहीही असो, कोणाच्या लग्नाची छायाचित्रे आपल्या जाहिरातीसाठी वापरण्यापूर्वी लेखी विचारणे हा मला साधा सभ्यपणा वाटतो.

पैशाच्या बाबतीत एकच गोष्ट आग्रहाने सांगतो. आगाऊ रक्कम हातात आली, तरी ते लग्न पार पडेपर्यंत ती कमाई नसते. हंगामाच्या आधी खात्यात दिसणारी मोठी शिल्लक पुढच्या कामाची जबाबदारी असते आणि तिच्यातून नवी लेन्स घेणे म्हणजे अजून न केलेल्या कामाचे पैसे खर्च करणे. ती रक्कम वेगळ्या खात्यात ठेवून लग्न झाल्यावरच तिकडून इकडे आणली, तर हंगामाबाहेरचे कोरडे महिने बरेच सुसह्य होतात.

जाहिरातीवर माझा फारसा भर नाही. संकेतस्थळावर वेगवेगळ्या लग्नांतली वेचक ४० छायाचित्रे दाखवण्याऐवजी एक संपूर्ण लग्न सुरुवातीपासून शेवटपर्यंत दाखवावे. मंद उजेडात, घाईत, गर्दीत आपण काय करतो, हे जाणून घेण्याचा कुटुंबाला हक्क आहे. लग्नानंतर दोन दिवसांत १५-२० छायाचित्रे पाठवावीत, कारण नातेवाइकांची उत्सुकता तेव्हाच ताजी असते. सजावट करणाऱ्यांना आणि सभागृहाच्या व्यवस्थापकांना, कुटुंबाच्या परवानगीने, त्यांच्या कामाची छायाचित्रे आपणहून द्यावीत. पुढच्या कुटुंबाला आपले नाव सुचवणारे बहुधा तेच असतात.

तारखा भरू लागल्या आणि चौकशी परत पाठवावी लागली, की दर वाढवण्याची वेळ आलेली असते. जुन्या दराने शब्द दिलेल्या कुटुंबांना जुनाच दर लावावा. त्यानंतरची पायरी म्हणजे एकाच दिवशी दोन ठिकाणी दोन चमू पाठवणे. ती घेण्याला माझा विरोध नाही, पण आपल्या लग्नाला प्रत्यक्ष कोण येणार, हे कुटुंबाला बुकिंगच्या वेळीच नावानिशी सांगितले जावे, त्या व्यक्तीने स्वतंत्रपणे केलेले एक संपूर्ण लग्न त्यांना दाखवले जावे आणि मगच त्यांनी होकार द्यावा.