कॅमेऱ्याची बॉडी बदलावी का? वढवाणा तलावाच्या पाळीवरचा माझा अनुभव

निकॉनची डी७२०० आणि तिच्यावर २००-५०० मिमी एफ/५.६ लेन्स, एवढ्या सामानावर मी बरीच वर्षं बडोद्याच्या आसपासचे पक्षी टिपते आहे. डी७२०० हे २०१५ सालचं मॉडेल. अलीकडे आमच्यातले एकेक जण मिररलेसवर, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांवर, गेले आणि भेटलं की विचारू लागले, "ताई, तुम्ही अजून बदलली नाहीत?" त्यांच्या विचारण्यात तथ्यही होतं. दलदली भोवत्या लव्हाळ्यांवरून खाली झेपावतो, चांदव्यांची अख्खी फळी पंख आपटत पाण्यावरून धावत सुटते, आणि नेमका तोच क्षण माझ्या हाती क्वचित लागायचा. पैसे साठवलेले होते, ते कशावर घालायचे हे ठरत नव्हतं.

मामांना विचारलं. ते दांडिया बाजारात राहतात, फिल्मच्या जमान्यापासून कॅमेरा हाताळत आलेत. म्हणाले, "बॉडीचं मागून बघू. तू डिलीट करायला काढलेले फोटो आधी घेऊन ये." मग हिवाळाभराचे नापास फोटो आम्ही दोघांनी लॅपटॉपवर शंभर टक्के मोठे करून पाहिले आणि प्रत्येकापुढे कारण लिहिलं: हात हलला, फोकस मागे गेला, पक्षी लांब होता, हवा थरथरत होती, उजेड कमी होता, क्षण निसटला.

सगळ्यात मोठा ढीग निघाला हवेच्या थरथरीचा. वढवाणा ज्यांनी पाहिलाय त्यांना याचं नवल वाटणार नाही. डभोई तालुक्यातला हा तलाव गायकवाड सरकारने १९१० मध्ये सिंचनासाठी बांधला आणि २०२१ मध्ये तो रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेला. थंडीत पट्टकादंब, कलहंस, मोठी लालसरी यांचे थवेच्या थवे इथे उतरतात. पण पाण्याचा पसारा मोठा आणि पक्षी पाळीपासून, म्हणजे तलावाच्या बांधापासून, लांब. ऊन चढलं की गरम आणि गार हवेचे थर एकमेकांत मिसळतात, त्यांच्यातून येणारा प्रकाश वेडावाकडा वळतो, आणि पट्टकादंबाच्या डोक्यावरचे ते दोन सुंदर काळे पट्टे फोटोत विरघळून जातात. कितीही महागडी बॉडी घेतली तरी इथे तिचा काही इलाज चालत नाही. उजाडायच्या आत पाळीवर पोहोचायचं आणि जवळचा पक्षी मिळेपर्यंत एका जागी बसायचं, एवढंच आपल्या हातात. तो ढीग आम्ही बाजूला ठेवला.

"पक्षी लांब होता" या ढिगाने मात्र मला कागद-पेन्सिल घ्यायला लावलं. सगळे मला फुल फ्रेम, म्हणजे माझ्या डी७२०० पेक्षा मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, घ्यायला सांगत होते, निकॉनचा झेड ८ घे म्हणत होते. २०२३ साली आलेला हा कॅमेरा ४५.७ मेगापिक्सेलचा आहे, आकडा ऐकूनच भुरळ पडते. पण लेन्स तीच, ५०० मिमी. बदक तितक्याच अंतरावर. म्हणजे सेन्सरवर बदकाची जी प्रतिमा पडते ती मिलिमीटरमध्ये तेवढीच राहणार, सेन्सर कितीही मोठा असो. मग विचारायचं ते हे, की त्या एका मिलिमीटरमध्ये पिक्सेल किती बसतात? डी७२०० मध्ये साधारण २५५. तेवढ्याच सेन्सरच्या निकॉन डी५०० मध्ये २३७. झेड ८ मध्ये २३०. आणि २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम बॉडीत तर जेमतेम १६८. या चौघांत लांबच्या बदकावर सर्वाधिक पिक्सेल माझी जुनी डी७२००च टाकते. झेड ८ चा फोटो माझ्या फोटोएवढा कापला की त्याचे १९-२० मेगापिक्सेल उरतात.

नॉइझचंही, म्हणजे कमी उजेडात फोटोत येणाऱ्या दाणेदारपणाचंही, तसंच. फुल फ्रेम सेन्सरचं क्षेत्रफळ सव्वादोन पट, त्यामुळे पूर्ण फ्रेम वापरली तर अंधारात एका स्टॉपहून (म्हणजे दुप्पट उजेडाहून) थोडा जास्त फायदा मिळतो. पण पक्षी लांब असल्यामुळे फ्रेम कापावीच लागली, तर ज्या जादा क्षेत्रफळाचे पैसे मोजले तेच कापून टाकलं जातं. मोठे प्राणी जवळून टिपणाऱ्यांना फुल फ्रेम फार उपयोगाची आहे. वढवाण्याच्या पाळीवर उभ्या असलेल्या मला तिचा लाभ थोडाच होता, आणि हे मला दुकानात कुणी सांगितलं नाही.

विश्वामित्री नदीतल्या मगरींसाठी तर बदल लागतच नव्हता. कमाटीबागेजवळच्या पुलावरून, किंवा थोडं खाली जाऊन काठाजवळून, त्या ऊन खात पडलेल्या दिसतात. जबडा उघडून तासन्‌तास. तिथे फोकसचे बिंदू किती आहेत याने काही अडत नाही. ऑगस्ट २०२४च्या पुरात त्या वस्त्यांमध्ये शिरल्या तेव्हापासून लोक त्यांच्याकडे भीतीने जास्त बघतात. म्हणून त्यांचे शांत, स्वच्छ फोटो काढत राहावेत असं मला फार वाटतं. त्या कामाला डी७२०० पुरून उरते.

राहिला शेवटचा ढीग, क्षण निसटल्याचा. इथे कारण खरोखरच बॉडीत होतं. डी७२०० सेकंदाला सहा फोटो काढते आणि १४ बिट रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमध्ये) साधारण १८ फोटोंनंतर बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो साठवणारी आतली जागा, भरतो. म्हणजे तीन सेकंदांत कॅमेरा दमतो. तिचे ५१ फोकसबिंदू फ्रेमच्या मध्यभागी गोळा झालेले, कडेला सरकलेल्या भोवत्यासाठी तिथे बिंदूच नसतो.

एवढं समजल्यावर मी झेड ८ भाड्याने आणली, सोबत जुन्या लेन्स तिला जोडणारा एफटीझेड अडॅप्टर, आणि माझीच लेन्स तिच्यावर लावली. दुकानदार म्हणाले, "बेन, एक वार वापरशो तो पाछी नहीं आपो." (एकदा वापरलीत तर परत देणार नाही.) त्यांचं अगदी खोटं नव्हतं. पाण्यावर एका जागी पंख मारत थांबणारा कवड्या खंड्या आणि खाली बघत घिरट्या घालणारा नदी सुरय, या दोघांवर मी ती चालवून पाहिली. पक्षी ओळखून डोळ्यावर चिकटून राहणारा फोकसचा तो चौकोन पाहताना अंगावर काटा आला. सुरय वळला, सूर मारून वर आला, तरी चौकोन त्याच्यासोबत. लांबवर बसलेल्या कलहंसांचे फोटो मात्र घरी येऊन माझ्या जुन्या फोटोंशेजारी ठेवले, तर मामांना कुठला कुठल्या बॉडीचा हे सांगता आलं नाही. हिशेब कागदावर केला होता, तो पडद्यावर तसाच्या तसा उतरला.

किंमत लाखांत, आणि मला लागणारी गोष्ट त्यातली एकच: उडत्या पक्ष्यावर टिकणारा फोकस. निकॉनचाच झेड ५० टू हा स्वस्त मिररलेस पर्यायही होता, त्यातही पक्षी ओळखण्याची सोय आहे. पण हातात घेतल्यावर सव्वादोन किलोच्या लेन्समागे ती बॉडी मला फार लहान वाटली, आणि बॅटरी, अडॅप्टर सगळं नव्याने घ्यावं लागलं असतं. शेवटी मी वळले डी५०० कडे. २०१६ ची बॉडी, २०२२ मध्ये उत्पादन बंद झालेली, त्यामुळे वापरलेलीच मिळणार. १५३ फोकसबिंदू, जवळजवळ फ्रेमच्या कडांपर्यंत. सेकंदाला दहा फोटो. वेगवान कार्डावर सलग २०० रॉ फोटोंपर्यंत बफर. डोळा ओळखणं नाही, ते मी जाणूनबुजून सोडलं. लेन्स अडॅप्टरशिवाय तीच, बॅटऱ्याही डी७२०० च्याच चालतात. शिवाय पडदा वाकतो, त्यामुळे चिखलात आडवं न पडता पाण्याच्या पातळीवरून फोटो घेता येतो.

मामा बरोबर आले म्हणून खरेदी नीट झाली. आणंदचे एक गृहस्थ विकत होते. मामांनी तिथेच एक जेपेग काढून घेतला आणि त्याच्या माहितीतून शटर किती वेळा पडलंय ते बघितलं. डी५०० चं शटर दोन लाख वेळांसाठी तपासलेलं असतं, आमची बॉडी त्याच्या चौथ्या हिश्शाच्याही आत होती. मग एफ/१६ वर स्वच्छ आकाशाचा फोटो घेऊन सेन्सरवर डाग आहेत का ते पाहिलं, कार्डाच्या दोन्ही खाचा चालवून बघितल्या, प्रत्येक बटण दाबलं. विकणारे जरा अस्वस्थ झाले. मामा शांतपणे म्हणाले, "तुमच्यावर अविश्वास नाही हो. हिचे कष्टाचे पैसे आहेत."

घरी आल्यावर पहिलं काम, लेन्स आणि बॉडी एकमेकांशी जुळवणं. कॅमेरा तिपाईवर ठेवून, लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस पक्का करून फोकस मोडचं आणि व्हिडिओचं बटण एकत्र धरून ठेवलं की डी५०० स्वतःच फोकसमधला फरक मोजून नोंदवते. एका मापावर विसंबू नका. पुन्हा पुन्हा करून मधला आकडा धरा.

आता भोवत्या आला की मी ग्रुप एरिया फोकसवर (जवळजवळच्या काही बिंदूंच्या गटावर) असते, शटर १/२००० किंवा त्याहून वेगात, आयएसओ आपोआप. चांदवे धावतात तेव्हा सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॅमेरा थांबत नाही, आणि त्यातल्या पुष्कळ फोटोंत भोवत्याचा डोळा टोकदार येतो. सगळ्यांत येत नाही. मात्र उडतानाचा फोटो हवा म्हणून थव्याच्या दिशेने धावणारे किंवा खडा भिरकावणारे लोक पाळीवर दिसतात, त्यांना मी तिथल्या तिथे अडवते. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याची ताकद आपल्या फोटोसाठी खर्च करायला लावणं मला सहन होत नाही. भोवत्या त्यांना स्वतःच उठवतो, आपण थांबावं.

डी७२०० विकली नाही. भाचीने मगरींसाठी मागितली आहे. डी५०० घेणाऱ्यांना एक सांगते: तिच्या वेगवान खाचेतलं एक्सक्यूडी कार्ड आता शोधावं लागतं, पण बॉडीत नवं फर्मवेअर (कॅमेऱ्याचं आतलं सॉफ्टवेअर) घातलं तर सीएफएक्स्प्रेस टाइप बी कार्डही चालतं. विकत घेण्याआधी मेनूमध्ये आवृत्ती बघून घ्या, १.३० किंवा त्यापुढची हवी.