पाठीवरची थाप

आज नागपूरच्या धंतोलीत बाबांना फिजिओथेरपीला घेऊन गेले होते. कफ सुटत नाही त्यांचा, म्हणून पाठीवर थापा कशा द्यायच्या ते मॅडमनी माझ्याकडून करून घेतलं. बोटं जुळलेली, अंगठा चिकटलेला, तळवा ओंजळीसारखा पोकळ. हात बरोबर पडला की आवाज खोल येतो. सपाट पडला की चटका बसतो. "ताई, खांदा नाही, मनगट हलू द्या," त्या सारख्या म्हणत होत्या. अंगावर पातळ कापड हवंच. जेवण झाल्यावर लगेच नाही. मणक्यावर नाही, कमरेच्या वर मूत्रपिंडं असतात तिथे तर मुळीच नाही. थोड्या वेळाने बाबा खोकले आणि कफ सुटला. किती बरं वाटलं!

मसाजमध्येही हीच थाप असते. शिवाय करंगळीच्या कडेने भराभर मारायचं हॅकिंग, सैल मुठींनी मांड्यांवर मारणं. सगळं फक्त मांसल भागावर.

आपल्याकडे सलूनमध्ये चंपी करताना मात्र कण्यावरच धडाधड मारतात, मला पाहवत नाही. आणि मानेला झटका देऊन कटकन वाजवणं तर बंदच व्हायला हवं. त्याने मानेतली रक्तवाहिनी फाटून लकवा झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. भावांनो, स्पष्ट नाही म्हणा.

घरी कुणाला थापा देणार असाल तर आधी फिजिओकडून हात बसवून घ्या. हाडं ठिसूळ असतील किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच.