मधली चार घरे
आज दुपारी परभणीत ताईच्या घरी ओसरीवर बुद्धिबळाचा पट मांडला आणि बारा वर्षांच्या भाचीने अठराव्या चालीत माझ्यावर मात केली. मी आजोबांकडून देशी पद्धतीने शिकलो; त्यात प्यादे पहिल्या चालीतही एकच घर सरकते, त्यामुळे कडेची प्यादी हळूहळू पुढे ढकलण्याची माझी सवय अजून सुटलेली नाही. भाचीने मात्र राजापुढचे प्यादे दोन घरे टाकले, घोडे आणि उंट बाहेर काढून कॅसलिंगही (राजाला हत्तीच्या आड नेण्याची चाल) उरकले, तोवर माझा घोडा एच६ वर, पटाच्या कडेला ताटकळत होता. "मामा, इथून हा चारच घरं सांभाळतो, मधे असता तर आठ," असे म्हणत तिने ती आठही घरे बोटाने मोजून दाखवली. ई४, डी४, ई५ आणि डी५ या पटाच्या मधल्या चार घरांवर ताबा असला की मोहरे दोन्ही बाजूंना झटकन वळवता येतात, हे वाचलेले होते. स्वतःच्याच प्याद्यांमागे कोंडलेला वजीर पाहिल्यावर ते उमगले. केंद्रात प्यादी न घालता दुरून उंटाने दबाव ठेवण्याची, १९२० च्या दशकात निम्झोविच आणि रेटी या बुद्धिबळपटूंनी पुढे आणलेली रीतही आहे, असे मी हरल्यावर तिला सांगितले (तेवढाच मोठेपणा). तिने ऐकून घेतले आणि पट फिरवून पांढरी बाजू माझ्याकडे केली.