ब्रूजमध्ये लेस घ्यायची असेल तर दुपारी दोनपर्यंत थांबा

ब्रसेल्सहून ट्रेनने तासाभरात बेल्जियममधलंच ब्रूज येतं. ग्रुप टूरवाले इथे जेमतेम अर्धा दिवस देतात. त्यात चौक, कालव्यातली बोट आणि चॉकलेट उरकून वाटेतल्या दुकानातून लेसचा रुमाल घेतला की झालं. आम्ही आमचे आम्ही गेलो होतो, म्हणून आधी लेस होताना बघायची आणि मगच घ्यायची, असं ठरवता आलं. तुम्हीही हाच क्रम ठेवा.

बालस्ट्राट या गल्लीतलं कांटसेंट्रुम, म्हणजे लेस केंद्र, मुख्य चौकापासून साधारण पंधरा मिनिटं चालत. रस्ते दगडी आहेत, चांगले बूट घाला. इमारत जुन्या लेस-शाळेची. खाली संग्रहालय आणि वर दुपारी दोन ते पाच प्रात्यक्षिक. रविवारी बंद. निघण्यापूर्वी वेळ एकदा तपासून घ्या; सकाळी गेलात तर काचेमागची लेस दिसेल, विणणारे हात दिसणार नाहीत.

वरच्या दालनात लाकडावर लाकूड आपटल्याची बारीक टकटक सतत चालू असते. समोर उशी, तिच्यावर टोचलेला नमुना, त्यात टाचण्याच टाचण्या आणि प्रत्येक धाग्याच्या टोकाला बोटभर लाकडी बॉबिन, म्हणजे धागा गुंडाळायची काडी. माझी आई क्रोशावाली, ती आधी सुईच शोधत होती. सुई नाहीच! चार बॉबिन घ्यायचे. मधले दोन एकमेकांवरून टाकले की झाला क्रॉस, आणि प्रत्येक जोडीतला उजवा डाव्यावरून नेला की पीळ. सगळा खेळ या दोन हालचालींचा. आपला गोफच, फक्त टाचण्यांच्या आधाराने विणलेला. शिकणाऱ्यांच्या आराखड्यात रंग असतात: जांभळी रेघ म्हणजे कापडासारखी भरीव वीण, हिरवी म्हणजे विरळ अर्धी वीण, लाल म्हणजे भरीव विणीला वर एक पीळ. हे कळल्यावर आई एका आजींच्या उशीपासून हलेना. (उशीला हात लावू नका. फोटोही विचारूनच.)

प्रकार बरेच आहेत, नावं बहुतेक गावांवरून. बॅन्शची लेस इतकी बारीक की जाळीत हिमकण पेरल्यासारखे दिसतात. तिला बॉबिन शेकड्यांनी लागतात. मेखलेनच्या लेसमध्ये फुलाभोवती जाड, चमकदार धाग्याची कड असते, व्हॅलन्सिएनच्या लेसमध्ये ती नसते. या तिन्हींत फूल आणि जाळी एकाच वेळी विणली जातात. ब्रूजच्या फुलांच्या लेसचं तंत्र वेगळं: फुलं-पानं सुटी विणायची आणि मग बारीक वेण्यांनी जोडायची. मला तीच आवडली. बॅन्शसमोर नुसतं थक्क व्हायला होतं. ब्रूजच्या लेसमध्ये कुठला धागा कुठून कुठे गेला ते कळतं.

आता खरेदी. जॉन हीथकोट या इंग्रज संशोधकाने 1809 मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हापासून हातकाम आणि यंत्रकाम यांची सरमिसळ चालूच आहे. ‘प्रिन्सेस’ लेस सुंदर दिसते, पण तिच्यात यंत्रावरची पट्टी यंत्राच्याच जाळीवर हाताने शिवलेली असते. त्यामुळे दुकानात ‘हाताची आहे का?’ एवढंच विचारू नका. ‘बॉबिनवर विणलेली आहे का, आणि कुठे?’ असं विचारा. तळहाताएवढा तुकडा विणायला किती वेळ जातो ते केंद्रात बघितलेलं असतं, त्यामुळे स्वस्त टेबलक्लॉथ दिसला की आपोआप शंका येते. टेबलक्लॉथचा नाद सोडा. एकच छोटं फूल घ्या आणि फ्रेम करा.

शाकाहारी मंडळींनी फ्राइज मागवतानाही चौकशी करावी. तिथे जुन्या पद्धतीने त्या गाईच्या चरबीत तळतात.

घरी शिकायची हौस असेल तर बॉबिन, धागा आणि सोपा नमुना तिथूनच आणा. उशी घरी घट्ट भरून करता येते. टाचण्या मात्र चेक-इनच्या बॅगेत टाका.