तुम्ही विचारलंत म्हणून : रशियन येतं म्हणजे झेकही येतं का?

नाही येत. रशियन शिकवते म्हटलं की पोलिश, झेक, बल्गेरियन 'तसंच असेल ना?' हे ऐकून मी थकले आहे.

हा समज पसरवण्यात माझाही हात आहे. पहिल्याच तासाला मी फळ्यावर रशियन शब्द आणि त्यांचे आपल्याकडचे भाऊबंद लिहायचे : व्येस्ना–वसंत, झिमा–हिम, हेमंत. ही नाती खरी आहेत. झिमा तर सगळ्या स्लाव्ह भाषांत, म्हणजे रशियन, पोलिश, झेक, बल्गेरियन ज्या कुळातल्या त्या भाषांत, हिवाळाच. पण वसंताला झेक यारो म्हणतात, बल्गेरियन प्रोलेत. शरदाला रशियन ओसेन, पोलिश येशेन; झेक मात्र पोद्झिम, हिवाळ्याच्या अलीकडचा. रशियन माणूस वय 'ल्येतो'त, म्हणजे उन्हाळ्यांत मोजतो, आपण पावसाळ्यांत मोजतो तसं. स्लोव्हेनियनमध्ये लेतो म्हणजे चक्क वर्ष.

प्रागमध्ये मी एका आजींकडे भाड्याने राहायचे. ऑक्टोबर होता. माझं झेक दोन महिन्यांचं. अडेल तिथे रशियनवर भागवायचे. एका संध्याकाळी स्वयंपाकघरात आजी म्हणाल्या, "ये मि झिमा." मला ऐकू आलं, माझा हिवाळा आलाय. ऐंशी उलटलेली, एकटी बाई. मला भरून आलं. त्यांचा हात हातात घेतला. गार होता, तेही मला वयाचंच वाटलं. मी मोडक्या झेकमध्ये म्हणाले, हिवाळ्यानंतर यारो येतोच. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पुन्हा म्हणाल्या, "ये मि झिमा." मी मान हलवली, खोलीत गेले आणि ते वाक्य वहीत उतरवून ठेवलं.

सकाळी त्या तापाने फणफणल्या होत्या. शेजारणीने सांगितलं, झेकमध्ये झिमा म्हणजे थंडीसुद्धा. आजी एवढंच म्हणत होत्या, मला थंडी वाजतेय. जाडं पांघरूण माझ्याच खोलीतल्या कपाटात होतं.

आजी बऱ्या झाल्या, रागावल्याही नाहीत. रशियनमध्ये थंडीला खोलद म्हणतात, मला कसं कळणार, असं मी स्वतःला कितीतरी वर्षं समजावलं. मग एकदा आईचा फोन आला. शेजारच्या काकूंना हिव भरलं होतं. हिव! हिमातूनच आलेला शब्द, हिवाळ्यातला आणि हिवतापातलाही. मराठी कानाने ऐकलं असतं तर कदाचित समजलं असतं. पण म्हणजे पुन्हा नात्यांवरच विसंबायचं?

यंदाही तो तक्ता फळ्यावर लिहिला. झिमापुढे 'हिव भरणे' लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.