वकिलांचा रविवार

गावभागातल्या आमच्या मंडळाचा गणपती बसला की पहिल्या रविवारी सकाळची आरती उरकायची, सतरंज्या गुंडाळायच्या आणि शेजारच्या शाळेतून चार बाक उचलून आणायचे. दहाच्या सुमाराला त्यांवर वकील येऊन बसायचे. सांगलीतल्याच एका ऑफिसातली पाच-सहा मंडळी. फळ्यावर खडूनं 'मोफत कायदा सल्ला' एवढंच. वकिलांना जाहिरात करता येत नाही, म्हणून फ्लेक्सवर नाव नको आणि फोटो तर नकोच, ही त्यांची एकच अट. कार्यकर्त्यांना ते पटायला दोन वर्षं लागली. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर पन्नास तोंडं मावतात आणि राबणाऱ्याचं एकही नाही, म्हणजे काय!

याला 'प्रो बोनो' म्हणतात हे मला पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं. आमच्याकडं तो नुसता 'वकिलांचा रविवार'.

माझ्याकडं टोकन वाटायचं काम. पण माणसं टोकन घेण्याआधी पिशवीच पुढं करायची. साडीच्या दुकानाची पिशवी. आत सातबारा, फेरफार, लाइट बिल, मृत्यूचा दाखला आणि कशाला कोण जाणे, पोराचं दहावीचं मार्कलिस्ट. वकीलकाका पिशवी बाकावर उपडी करायचे आणि पत्ते लावावेत तसे कागद लावत बसायचे.

"मावशी, ही सही कधी केलीत?"

"राखीला गेलते तवा. भाऊ म्हणला, नुसती फॉर्म्यालिटी हाय."

हक्कसोडपत्र! दरवर्षी अशा दोन-चार मावश्या ठरलेल्या. मग काका सांगायचे, वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हिस्सा आहे, ९ सप्टेंबर २००५ पासून. महाराष्ट्रानं १९९४ सालीच सुरुवात केली होती, पण ती लग्न न झालेल्या मुलींपुरती. झालेल्या सहीचं काय करता येईल, हे मात्र हलक्या आवाजात, उगाच आशा न लावता. कोर्ट म्हटलं की फीची धास्ती असायची. बाईची मिळकत कितीही असो, तिला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच तसं आहे, हे ऐकून एक आजी उसळली होती, "मग इतकी वर्सं कुणी बोललं न्हाई त्ये!" तिचा अर्ज काकांनी तिथंच भरला.

एका वर्षी माझ्या हातून घोळ झाला. आरतीनंतर माइक बंद करायचा राहिला आणि "धाकटा दरसाल बांध कोरतोय हो" हे अख्ख्या गल्लीनं ऐकलं. धाकटा कोपऱ्यावरच चहा पीत होता. तो हातातल्या ग्लासासकट मांडवात. काकांनी दोघांना एका बाकावर बसवलं, हातावर मोदक ठेवले आणि भूमी अभिलेखकडं मोजणीचा अर्ज करायला सांगितलं. पुढच्या वर्षी दोघंही आले, वेगवेगळ्या पिशव्या घेऊन. तेव्हापासून काका बसण्याआधी माइकवर टिचकी मारून बघायचे.

पण मला आठवतो तो २०१९ चा रविवार. ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४५. गावभागात घराघरांत पाणी. गणपती साधाच बसवला, वर्गणी मागायची कुणाला? वकील मात्र आले. त्या वर्षीच्या पिशव्यांतून कागद नव्हे, लगदा निघत होता. ज्युनिअर मॅडमनी घरून पावडरचा डबा आणि बोथट सुरी आणली होती. चिकटलेल्या पानांत पावडर भुरभुरायची, सुरी सरकवायची, श्वास रोखून पान सोडवायचं. मांडवाला दोरी बांधून आम्ही खरेदीखतं चिमट्यांनी वाळत घातली. नोंदणी झालेला दस्त भिजला तरी दुय्यम निबंधकाकडून नक्कल मिळते, आणि पूरग्रस्ताला, पुरुष असला तरी, तीच फुकट वकिलाची सोय आहे, हे त्या दिवशी मॅडमनी किती वेळा सांगितलं असेल.

शेवटी हरिपूरचे एक आजोबा राहिले. त्यांच्या खताची शाई पार उतरली होती. नक्कल काढायची तर साल हवं.

"थोरल्या पोराच्या आदल्या वर्सीचं," ते म्हणाले आणि डोळे मिटून चतुःसीमा सांगू लागले. "पूर्वेस ओढा. पश्चिमेस गाडीवाट. उत्तरेस आमचंच रान."

मॅडम लिहीत होत्या. "आणि दक्षिणेस?"

आजोबा गप्प झाले. मग म्हणाले, "चुलतभाऊ. लिवा त्येचं नाव. पर बारीक लिवा."